बुडवून ठेवलेली होडी

भिमा पाण्याला भीत होता. धरणाच्या काठावर राहून पाण्याला भिणाऱ्या माणसाला जी जी सोंगं करावी लागतात, ती सगळी त्यानं करून झाली होती. अंघोळ तो दारातल्या दगडावर बसून बादलीनं करी. म्हशीला पाण्यावर न्यायची वेळ आली की त्याची कंबर धरे आणि बायकोला जावं लागे. पलीकडच्या काठावर डांबरी रस्ता आणि डोळखांबला जाणारी जीप समोर दिसे. पाड्यातली तरणी पोरं टायरच्या ट्यूबवर फळी बांधून हां हां म्हणता तिकडे पोचत. हा मात्र अर्धा दिवस मोडून, नाला ओलांडून, रानातून वळशानं जाई. कोणी विचारलंच तर म्हणे, "वाटेत सरपन बघायचं हाय." उंबरपाड्यात आपलं गुपित कोणालाच कळलेलं नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

वैशाखातल्या एका रविवारी त्याचा मुलगा सूरज आसनगावच्या गोदामातून सुट्टीला घरी आला, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडता मोडता म्हणाला, "बा, आपली होडी कुठं हाय?"

भिमानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"कसली होडी?"

"आजानं कोरलेली. आंब्याची. काळूकाका बुडला तवा तू बुडवली ती."

"सडली आसंल ती आता."

"आसंल म्हंजे? बघितली का?"

भिमानं पाणी प्यायचं निमित्त केलं. चुलीपुढं त्याची बायको जनाबाई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बघाया काय जातं?"

सूरजनं होडी उगाच काढली नव्हती. त्याची बायको सोनाली सहा महिन्यांची गरोदर होती आणि दिवस भरायचे होते ऐन श्रावणात. तेव्हा नाला दुथडी वाहतो आणि रानातली वाट आठ-आठ दिवस बंद पडते. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या बुधीला कळा सुरू झाल्या. चार गडी तिला घोंगडीच्या झोळीत घालून नाल्यापर्यंत घेऊन गेले आणि पाणी उतरायची वाट बघत बसले. पाणी उतरलं तोवर बुधीचं मूल गेलं होतं. ती स्वतः कशीबशी वाचली. पाड्यासाठी फायबरची होडी मंजूर झाल्याचं तेव्हापासून सगळे ऐकत होते, पण ती होडी अजून कागदावरच तरंगत होती. आणि अवघडलेल्या बाईला काही ट्यूबवर बसवता येत नाही.

"आजाची होडी दुरुस्त झाली तर अर्ध्या तासात पलीकडं," सूरज म्हणाला. "तिथं जीप उभी करतो. सरळ शहापूर."

"आन् वल्हं कोण मारनार?" भिमानं विचारलं.

सोनालीनं सासऱ्याच्या ताटात कालवण वाढलं. "मामा, तुमी हायत की. आत्या सांगत व्हत्या, तुमच्यावानी वल्हं पाड्यात कुनाला येत नाय."

तिनं हे अगदी भरवशानं म्हटलं. एवढा भरवसा टाकायचा आणि तो कोणावर, तर भित्र्या माणसावर!

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाला चिखलाचं मोठं मैदान उघडं पडलं होतं. सूरजनं दोन गडी बोलावले, पहारी आणि फावडी घेतली आणि विचारलं, "बा, कुठं खणायचं?" भिमाला वेड पांघरता आलं असतं. इतक्या वर्षांची गोष्ट, चिखलाचा काय नेम, कुठंतरी खड्डे पाडून सगळे दमले असते. पण पाय आपल्या मनानंच चालायला लागले. दोन खडक आणि चिखलात रुतलेलं एक बाभळीचं खोड, त्यांच्या मधे तो थांबला. पाण्याची कड वीसेक पावलांवर होती. तिच्याकडे पाठ करून तो म्हणाला, "हितं."

पहार तिथंच लाकडाला लागली.

होडी वर आली ती काळीकुट्ट, चिखलानं लिंपलेली, पोटात दगड भरलेली. ते दगड भिमानंच एकेक करून भरले होते. सूरज एकेक दगड काढून बाहेर टाकत होता आणि प्रत्येक दगडाबरोबर भिमाला वाटत होतं की आपल्या उरावरचं झाकण निघतंय. शेवटचा चिखल खरवडला तेव्हा आत आजानं खोड तासताना उमटलेल्या वाकसाच्या खुणा ताज्यासारख्या दिसल्या. कोणीतरी आनंदानं ओरडलं. सूरजनं बोटानं लाकूड दाबून बघितलं, नखानं टोकरून बघितलं.

"बा, कुठं सडलीय? हिला काय धाड भरलेली नाय!"

लाकडी होडी ज्यांनी वापरली आहे त्यांना ठाऊक असतं की काम नसलं की होडी दगड भरून पाण्यात बुडवूनच ठेवायची. पाण्यात ती टिकते, कोरड्या काठावर मरते. भिमाच्या बापानं त्याला हे मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. मग भावाचा जीव घेणारी होडी संपवायची म्हणून त्यानं ती बुडवली कशी, हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारला नव्हता, आणि आता विचारायची त्याला भीती वाटत होती.

बांबूंवरून घरंगळत होडी घराजवळच्या करंजाखाली आणली. मुरबाडकडे ज्ञानेश्वर नावाचा एक म्हातारा मिस्त्री होता, होड्यांचं काम जाणणारा आता तेवढाच उरला होता. सूरजनं त्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठा आवाज करून मधे धरला.

"बाहेर काढली? मंग आता तुमचं काम," मिस्त्री फोनमधून म्हणाला. "जुनं डांबर सगळं खरवडा. शिंपले, शेवाळ, काय बी ठेवू नका. आन् सावलीतून हलवायची नाय. गोणपाट भिजवून वर टाकायचं, सुकलं की परत भिजवायचं. रोज थोडं थोडं कमी. तिला कळता कामा नये आपन पान्याभायेर आलो म्हनून. एक दुपार ऊन लागलं तर उभी फुटंल. अमुशा झाली की मी येतो. लाकूड जिवंत आसलं तर हात लावीन, नायतर चहा पिऊन परत."

सूरज सोमवारी पहाटे कामावर गेला आणि होडी भिमाच्या गळ्यात पडली.

काम तसं त्याच्या हातातलं होतं. मोडक्या विळ्यानं तो डांबर खरवडी. डांबराच्या काळ्या साली मांडीवर पडत, बोटांच्या पेरांत घुसत, घामाबरोबर डोळ्यांत चुरचुरत. सोनाली समोर बसून नारळाच्या काथ्यानं शेवाळ घाशी. तिला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून ती पाटावर बसून, पाय पसरून, पोट सांभाळत एका हातानं घाशी. बुधी रोज दुपारी येई, आपल्या घरचं एक गोणपाट भिजवून होडीवर पसरी आणि न बोलता निघून जाई. तिच्या घरी आता किती गोणपाटं उरली असतील, असं भिमाच्या मनात येई.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी विळा होडीच्या काठावरून सरकला आणि एका खाचेत अडकला. लाकूड तिथं घासून गुळगुळीत झालं होतं. ती काळूरामच्या वल्ह्याची जागा होती. काळूराम डावखुरा होता आणि वल्हं काठावर टेकवून मारायची त्याची खोड होती. बाप त्यासाठी त्याला शिव्या द्यायचा. भिमानं खाचेत अंगठा घातला. तो बरोबर बसला. आणि त्याला भरदुपारी हुडहुडी भरली.

"काय झालं, मामा?" सोनालीनं विचारलं.

"काय नाय. डांबर गेलं डोळ्यात."

त्यानंतर त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवताना, विळ्याला धार लावताना, म्हशीला वैरण टाकताना त्याला एकच दिसे. श्रावणाचा वारा सुटलाय, पाणी लाल झालंय, होडीत सोनाली पोट धरून बसलीय आणि वल्हं आपल्या हातात आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. होडी जसजशी स्वच्छ होऊ लागली, आतलं तांबूस लाकूड उघडं पडू लागलं, तसतसा भिमा वाळत चालला. "लाकूड मेलेलं निघू दे रे देवा," असं तो मनात म्हणे आणि लगेच सुनेच्या पोटाकडे बघून मेल्याहून मेला होई.

अमावास्येला दोन दिवस उरले होते. जनाबाई रेशनला गेली होती. जेवण झाल्यावर सोनाली घरात जरा आडवी झाली. बुधीही त्या दिवशी आली नव्हती, तिला ताप होता. भिमा दाराच्या ओट्यावर बसला होता.

सकाळपासून करंजाची सावली होडीवर होती. दुपार कलली तशी सावली सरकली. आधी होडीच्या शेपटाकडचं टोक उघडं पडलं, मग हातभर, मग दोन हात. एरवी भिमा या वेळी वर दुसरं गोणपाट टाके आणि दोन बादल्या पाणी ओती. बादली त्याच्या पायाशी भरलेली होती.

तो उठला नाही. आपण ठरवून काही करतोय असं त्याला वाटत नव्हतं. तो नुसता बसला होता. गोणपाटाचा काळा ओला रंग कडेनं फिका होत गेला, त्यातून वाफ निघाली, मग वाफही थांबली. ऊन मी म्हणत होतं. एक दुपार, मिस्त्री म्हणाला होता. उन्हानं फुटली, तर त्यात कोणाचा दोष? म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागला, झालं. कोण काय बोलणार होतं? भिमाची नजर होडीवरून हटत नव्हती.

टक् असा आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तेवढाच. पण भिमाला तो पाठीच्या कण्यात ऐकू आला. सुटलो, असं त्याला वाटलं. अगदी खरंच वाटलं.

घरात सोनालीनंही तो आवाज ऐकला. ती केस सावरत बाहेर आली, होडीवर ऊन बघितलं आणि "अगं बया!" म्हणून ओरडली. सासरा ओट्यावर बसलाय हेही तिला दिसलं नाही. तिनं भरलेला हंडा उचलून कमरेवर घेतला आणि अवघडल्या अंगानं ती धावली. पाणी हिंदकळून पायाखाली सांडलं, तिचा पाय सरकला आणि ती हंड्यासकट मटकन खाली बसली.

भिमा कसा उठला आणि कसा पोचला हे त्याचं त्याला कळलं नाही. "पोरी, पोरी," एवढंच त्याच्या तोंडून येत होतं. सोनालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि ती कान दिल्यासारखी गप्प बसली होती. त्या क्षणी नाला कोरडा होता, वाट उघडी होती, तरी दवाखाना किती लांब आहे हे त्याला पहिल्यांदा नीट कळलं.

"हाललं," सोनाली शेवटी म्हणाली. "लाथ मारली, मामा." आणि ती रडायलाच लागली. रडता रडता म्हणाली, "तुमी पानी ओता ना आधी. होडी फुटंल."

भिमानं बादली ओतली, हंड्यात उरलेलं ओतलं, विहिरीवरून आणून आणून ओतलं. गोणपाटं भिजवून पसरली. शेपटाकडून हातभर लांबीची चीर गेली होती, बोटाचं नख जाईल एवढी.

"डोळा लागला काय तुमचा?" सोनालीनं विचारलं.

"व्हय," भिमा म्हणाला.

अमावास्येनंतरच्या रविवारी सूरज मिस्त्रीला घेऊन आला. ज्ञानेश्वर मिस्त्री बुटका, कानावर पेन्सिल लावलेला. आल्या आल्या त्यानं चहालाही नको म्हटलं. वाकसाच्या मागच्या बाजूनं तो होडीवर ठोकत चालला आणि प्रत्येक ठोक्याला कान खाली नेऊन ऐकू लागला. टोचणीनं तळ तपासला, बाजू तपासल्या. सगळे भोवती उभे होते.

"लाकूड जिवंत हाय," तो म्हणाला. जनाबाईनं हात जोडले. मिस्त्री शेपटाकडे गेला आणि तिथंच उकिडवा बसला. "ही चीर नवी हाय. आत लाकूड उजळ दिसतंय. ऊन कुनी लावलं?"

सूरजनं बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"मी झोपले, मिस्त्री," सोनाली म्हणाली. "माझं ध्यान नव्हतं."

सूरज उसळला. "तुझ्याचसाठी समदी मरमर चाललीय, आन् तुला एक गोणपाट..."

"तिला बोलू नको," भिमा म्हणाला.

"बा, तू मधी पडू नको. एवढं..."

"मी जागा व्हतो." भिमाचा आवाज फाटला. "मी ओट्यावर बसून बघत व्हतो. ऊन आलेलं बघितलं, गोणपाट सुकलेलं बघितलं. बादली पायाशी व्हती. मी उठलो नाय. फुटू दे म्हनलं."

मिस्त्रीनं टोचणी खाली ठेवली.

"मला पान्याचं भ्या वाटतं," भिमा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हे बोलला, आणि एकदा बोलल्यावर त्याला थांबता येईना. "काळू बुडला तवा होडी उलटली व्हती. मी हिला दोन्ही हातांनी धरून व्हतो. तो हाताच्या अंतरावर व्हता. दादा, हात दे, म्हनत व्हता. एक हात सोडायचा व्हता फकस्त. मला सोडवला नाय. आन् आता ही पोर घेऊन मी पान्यात जाऊ? माझ्यानं परत तेच झालं म्हंजे?"

जनाबाई पुढं आली. ती रागावलेली होती आणि तिचे डोळे भरलेले होते.

"सूरजचे बा, मला काय डोळं नायत? इतकी वर्सं म्हशी कोन नेतं पान्यावर? कंबर काय फक्त पान्याच्या येळंलाच धरते?" ती म्हणाली. "आन् दर उन्हाळ्यात पानी खाली गेलं की तुमी गुपचूप जाता, होडी उघडी पडली आसंल तर वर वला चिखल थापून येता. ते बी मी बघितलंय. होडी मारायची आसती तर तवाच उन्हात टाकून दिली आसती. तुमी ती जपून ठेवलीय. कशापायी ते तुमचं तुमाला ठावं."

भिमा खाली बघत राहिला. सोनालीनं डोळे पुसले. ती सासऱ्यापाशी आली आणि शेजारी उभी राहिली.

मिस्त्रीनं घसा खाकरला. अशा घरगुती गोष्टीत परक्या माणसानं काय करावं, तर कामाचं बोलावं. "चीर काय मरनाची नाय," तो म्हणाला. "पर आता लगोलग जोड बसनार नाय. हिला परत बुडवायला लागंल. लाकूड फुगलं की चिरेचे ओठ मिटतात. मंग मी वरून जोड देतो, राळ भरतो, करंजाचं तेल पाजतो. ज्येष्ठ सरायच्या आत तयार."

"किती पान्यात बुडवायची?" सूरजनं विचारलं. "मी आन् गडी टाकतो नेऊन."

"कंबरभर. आन् तुझं काम नाय ते." मिस्त्रीनं भिमाकडे बोट केलं. "ज्यानं वल्हं मारायचं त्यानंच बुडवायची. आमच्यात तशी रीतच हाय. ती कुठं कलते, कुठं जड हाय, ते त्याच्या हाताला कळाया पायजे. तुमी नाय म्हनालात तर तसं सांगा, मी दुसरा वल्हेकरी हुडकायला सांगतो. चहा टाका आता."

भिमानं तेव्हा होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत होडी बांबूंवरून पाण्यापर्यंत गेली. पाण्याच्या कडेला सगळे थांबले. होडी पाण्यात ढकलली तशी ती हलकी झाली, डुलली, आणि चिरेतून आत पाणी झिरपायला लागलं. भिमा कडेला उभा होता. त्यानं धोतर वर खोचलं, सोडलं, परत खोचलं. मग होडीच्या काठाला हात लावून त्यानं पाय आत टाकला.

घोट्यापर्यंत तो आला, मग गुडघ्यापर्यंत. चिखल पायाखालून सरकत होता. दर पावलाला त्याला वाटे की खाली काही नाही. मांडीपर्यंत आला तेव्हा त्याचे दात वाजायला लागले आणि ते काठावरही ऐकू आले. सूरज मागून दगड घेऊन आला आणि दोन हात अंतरावर थांबला.

"बा, धर."

भिमानं होडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बोटांचे सांधे पांढरे पडले होते.

"बा, दगड जड हाय. हात दे."

भिमानं मुलाकडे बघितलं. सूरजचा हात पाण्यावर पुढं आलेला होता. होडी हलत होती आणि पाणी कमरेला लागत होतं. त्यानं डोळे मिटले आणि उजवा हात होडीवरून सोडवला. तो हात मोकळा झाला तेव्हा काहीच झालं नाही. होडी डाव्या हातात होती. त्यानं दगड घेतला आणि आत ठेवला.

मग दुसरा, मग तिसरा. मधेच तो थांबे, धापा टाके, परत हात पुढं करी. होडी शेपटाकडून खाली गेली, बुडबुडे आले, आणि शेवटी काठावरची ती घासलेली खाच पाण्याखाली गेली. भिमाचा डावा हात तिच्याबरोबर पाण्याखाली गेला. ती तळाला टेकल्यावरच त्यानं तो काढला.

"मामा," काठावरून सोनालीनं हाक मारली. "निशानी ठेवा! मागल्यावानी लपवू नका!"

तिनं गुंडाळी करून फेकलेली तिच्या जुन्या साडीची पट्टी सूरजनं झेलली आणि एका बांबूच्या टोकाला बांधली. भिमानं बांबू होडीच्या शेजारी चिखलात उभा केला आणि सगळं वजन टाकून रोवायला लागला.

"भ्या वाटतं का अजून?" सोनालीनं विचारलं.

"वाटतं," भिमा ओरडून म्हणाला. "लई वाटतं!"

"मला बी!" ती म्हणाली.

सूरज पाण्याबाहेर निघाला आणि त्यानं बापालाही बोलावलं. बांबू अजून थोडा हलत होता. भिमानं तो आणखी खाली दाबला आणि तो हलायचा थांबेपर्यंत पाण्यातच उभा राहिला.